हशमत बींची चाल

दसरा उलटला की आमच्या शाहीन बँडच्या दुकानात एक दुपार ठरलेली असायची. शटर अर्धं खाली ओढायचं. गादीवर मास्टरजी मुस्तकीम मियाँ, उजव्या हाताला पानाचा डबा, डाव्या हाताला पीकदाणी. भोवती आम्ही सहा-सात जण आणि मधोमध टेपरेकॉर्डर. कार्तिकातल्या देवउठनी एकादशीपासून बरेलीत लग्नं सुरू व्हायची. त्याच्या आत त्या वर्षी गाजणाऱ्या सिनेमाची कॅसेट ऐकायची आणि कुठली गाणी बसवायची, कुठली टाकायची याचा निकाल लावायचा.

मी छेदालाल. ट्रम्पेट वाजवतो. माझे वडीलही याच बँडमध्ये होते. मास्टरजींच्या हाताखाली मी अठरा हंगाम काढले, त्यामुळे त्यांच्या बसण्या-उठण्यावरून मला निकाल आधीच कळायचा.

निकालाची पद्धत साधी होती. गाणं दोनदा ऐकायचं आणि टेप बंद करायचा. मग मास्टरजी क्लॅरिनेट उचलून नुसती चाल वाजवायचे. शब्द नाहीत, नटी नाही, मागे वाजणारा ताफा नाही. "कपडे उतरवले," ते म्हणायचे, "आता बघू, आत माणूस आहे की काठीवर टांगलेलं मडकं." चाल उभी राहिली तर वहीत सुरावट उतरवायची. नाही राहिली तर ते पीकदाणीकडे वळायचे. बस, तेवढंच.

पंच्याण्णव साली जी कॅसेट आली तिच्या सिनेमाचं नाव होतं 'लफंगा दारोगा'. आठ गाणी. ती आणली होती मास्टरजींच्या मुलानं, तसव्वुरनं. तसव्वुर अठ्ठावीस वर्षांचा, बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. हातगाडीवर कॅसिओ, त्याच्यावर भोंगा, असा तो वरातीच्या मागून चालायचा. मास्टरजी त्या गाडीला 'चाटवाला' म्हणायचे.

पहिलं गाणं संपलं. मास्टरजींनी वाजवूनसुद्धा पाहिलं नाही.

"तीन सूर," ते म्हणाले. "आणि तिघांचं आपसात जमत नाही. पुढे."

दुसरं विरहाचं होतं. नायक रडत होता.

"हा रडतोय की याला पडसं झालंय?"

तिसऱ्यात गाणं कमी आणि नटीचे सुस्कारे जास्त. सुस्काऱ्यांवरच ठेका धरलेला. मोठा ढोल वाजवणारा आमचा बदलू म्हणाला, "मास्टरजी, हिला दमा आहे."

"मग दवाखान्यात न्या. वरातीत कशाला आणता?"

आम्ही हसलो. चौथी कव्वाली होती. तिथे मात्र ते हसले नाहीत. कान पुढे करून त्यांनी दोन्ही वेळा नीट ऐकलं आणि तसव्वुरला विचारलं, "या टाळ्या कोण वाजवतंय?"

"मशीन, अब्बा. बटण दाबलं की वाजतात."

"म्हणजे टाळ्या वाजवायला आठ माणसंसुद्धा बोलावली नाहीत?" त्यांनी टेपचं बटण स्वतःच दाबलं. "हरामखोर."

पाचव्याला तसव्वुर खुशीत आला. ही विलायती गाण्याची चाल आहे, मूळ कॅसेट आपल्याकडे आहे, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. मास्टरजी म्हणाले, "चोरी केली ती केली, घरी आणेपर्यंत अर्धं वाटेत सांडलं."

मग कॅसेट उलटली. सहावं गाणं लागलं, 'तौल दे'.

नटी दुकानात येते आणि दुकानदाराला म्हणते, 'तौल दे, तौल दे, जोबन मेरा तौल दे.' पुढचं मी सांगत नाही. काटा, पारडं, पासंग, वजन या रोजच्या शब्दांचं त्या गाण्यात जे काही केलं होतं, ते ऐकून बदलूसारखा माणूसही जमिनीकडे बघायला लागला. आणि बदलू म्हणजे होळीला आमच्या गल्लीतून ज्याच्या नावानं बायका खिडक्या लावून घेतात तो.

"हे चालणार," तसव्वुर म्हणाला. "अब्बा, आताच शहरात प्रत्येक टेम्पोत हेच आहे. बाकी सात टाका, हे एक ठेवा."

मास्टरजींचा चेहरा आंबला होता. तरी नियम तो नियम. त्यांनी टेप बंद करवला, क्लॅरिनेटची पत्ती जिभेनं ओली केली आणि पहिली ओळ वाजवली. शब्द निघून गेले आणि चाल एकटी उरली. मग एक विचित्र गोष्ट झाली. दुसरी ओळ त्यांनी टेपसारखी वाजवली नाही. बोटं आपोआप दुसरीकडे गेली, खाली उतरली, एका सुरावर थांबली, आणि तिथून एक लांब मींड घेऊन परत वर आली. टेपमधल्यापेक्षा ती ओळ कितीतरी सुंदर होती. ती कुठून आली ते आम्हाला कळेना.

मास्टरजींना कळलं. ते अर्ध्यात थांबले. क्लॅरिनेट त्यांनी गादीवर ठेवलं, म्हणजे जवळजवळ टाकलंच. मग शटरखालून वाकून बाहेर गेले. बाहेरच्या हातपंपाचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा. पुन्हा चूळ. पुन्हा पंप. मी मोजत नव्हतो, पण बराच वेळ ते चुळा भरत होते.

परत आल्यावर म्हणाले, "हे नाही. बाकीची दोन उद्या." आणि शटर पूर्ण वर ढकललं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कटोरी नानबाईच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानात चहाला गेले. तिथे त्यांनी सांगितलं.

त्यांची आई हशमत बी मिरासन होती, लग्नघरी जाऊन गाणारी. बरेलीत कुणाच्याही घरी, हिंदू असो मुसलमान असो, मुलगी सासरी निघाली की तिला बोलावणं जायचं. विदाईला ती एक गाणं म्हणायची. मुलगी भावाला म्हणते, दादा, तू वेशीपर्यंत चल. पुढे नदी लागेल, तिथून वळ. घरी गेल्यावर अम्मांना सांग की मी रडले नाही. एवढंच गाणं. ते कुणी बांधलं माहीत नाही. हशमत बीला तिच्या सासूकडून मिळालं होतं. मुस्तकीम मियाँ तिचं बोट धरून दारोदार गेले होते. पहिल्यांदा क्लॅरिनेट हातात आलं तेव्हा वाजवायला म्हणून जी चाल त्यांना माहीत होती, ती तीच.

"मुंबईला कुणी नेली असेल देव जाणे," ते म्हणाले. "इथलाच कुणी असेल. कुणाची तरी आई गात असेल." मग चहाचा पेला तसाच ठेवून म्हणाले, "छेदा, नेली तर नेली. चाल कुणाच्या बापाची नसते. पण तिच्या तोंडात त्यांनी काय कोंबलंय बघ. काल वाजवताना मला जिभेवर चव लागली. खरंच लागली. अजून जात नाही."

मी त्यांचाही चहा पिऊन टाकला.

हंगाम सुरू झाला. तसव्वुर म्हणाला तसंच होतं. पहिल्याच वरातीत नवरदेवाचे मित्र ओरडायला लागले, 'तौल दे! तौल दे!' मास्टरजींनी दुसरंच एक जुनं भांगड्याचं गाणं सुरू केलं. पोरं शिव्या देऊन नाचली. दुसऱ्या वरातीत तेच. घरी बापलेकांची रोज वादावादी.

"अब्बा, आपण शब्द कुठे वाजवतो? चाल वाजवतो आपण. शब्द त्यांचे ते बघतील."

"आपण भांडं देतो. त्यात घाण ते भरतात. भांडं कुणाचं?"

"मग दुसरा बँड देईल भांडं."

"देऊ दे."

चौथ्या वरातीत, सुभाषनगरच्या चौकात, नवरदेवाचा भाऊजी पिऊन आला होता. त्यानं क्लॅरिनेटच्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "ए मियाँ, सांगितलेलं वाजव." आणि ढकललं. क्लॅरिनेट मास्टरजींच्या दातांवर आपटलं, ओठ फुटला. त्यांच्या पांढऱ्या दाढीत रक्त उतरलं. आम्ही सगळे थांबलो. बदलूनं ढोलाची काठी उलटी धरली. मास्टरजींनी त्याला हातानंच थांबवलं.

तसव्वुर गाडी सोडून धावत आला. त्याचे डोळे भरले होते. "दात पाडून घ्याल तुम्ही," तो म्हणाला, "आणि गाणं तरीही वाजेलच."

मास्टरजींनी रुमाल ओठाला लावला. "तुम्ही वाजवा," ते म्हणाले. "मी नाही."

आणि आम्ही वाजवलं. त्या दिवसापासून रोज वाजवलं. 'तौल दे'ची फर्माईश झाली की मास्टरजी क्लॅरिनेट काखेत धरायचे आणि खाली मान घालून, वरातीच्या कडेनं, नालीच्या काठानं चालत राहायचे. गाणं संपलं की परत आपल्या जागी. एका वरातीत अकरा वेळा ते असे कडेला झाले. नाचणाऱ्या पोरांनी त्या गाण्याला एक खूण काढली होती. दोन्ही तळवे छातीपुढे धरायचे आणि तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली करायचे. गच्चीवर मुली दिसल्या की त्यांच्याकडे बघून करायचे.

खोटं का बोलू? ट्रम्पेटला त्या गाण्यात काम छान होतं. दोन ओळींच्या मध्ये एक उसळी होती, ती घेताना छाती भरून यायची. मी ती घ्यायचो आणि मग मास्टरजींकडे बघायचं टाळायचो.

डिसेंबरात उर्मिला बहेनजी दुकानात आल्या. उर्मिला सक्सेना मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे सहावी ते बारावीच्या शाळेत, हिंदी शिकवायच्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, निवेदिता. तिचं लग्न पिलिभीतच्या एका इंजिनियरशी ठरलं होतं. वरातीला आमचाच बँड नवऱ्याकडच्यांनी ठरवला होता. बहेनजी वेगळ्याच कामाला आल्या होत्या.

"मुस्तकीम भाई," त्या म्हणाल्या, "माझ्या विदाईला तुमच्या अम्मा आल्या होत्या, आठवतं? मी जीपमध्ये बसले होते. त्या जीपचा दांडा धरून बाजूनं चालत होत्या आणि गात होत्या. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी गाडी हळू हळू नेली. आता त्या नाहीत. निवेदिताच्या वेळी तेवढी चाल वाजवाल? बाकी काही नको मला."

मास्टरजी उत्तर द्यायच्या आत बाहेरून एक टेम्पो गेला. भोंग्यावर 'तौल दे' ठणाणत होतं. दुकानातल्या काचा थरथरल्या. बहेनजींनी नाकाला पदर लावला, जसं काही गटार उघडलंय.

"शी! काय घाण लावतात ही माणसं," त्या म्हणाल्या. "वर्गात सहावीच्या मुलीसुद्धा गुणगुणतात. मी कान धरून उभं केलं एकीला."

त्यांना चाल ओळखू आली नव्हती. ती एवढी पळवलेली होती, वर ते शब्द, ते भोंगे. हशमत बीचं गाणं असं कंबर हलवत समोरून जाईल हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं, मी पायांकडे पाहिलं.

"वाजवीन, बहेनजी," ते म्हणाले.

त्या गेल्यावर बदलू उखडला. "सांगायचं होतं ना त्यांना!"

"काय सांगू? ज्या गाण्यावर तू रडलीस त्याच्यावर आता पोरं कुल्ले हलवतात, हे सांगू? मास्तरीण आहे ती."

"मग दुसरं काहीतरी वाजवा."

"तिनं अम्मांचं मागितलंय." मास्टरजी उठून फेऱ्या मारायला लागले. "हे बघ, संथ वाजवीन. एकटा वाजवीन. ढोल नाही, कॅसिओ नाही, काही नाही. घाण वरवरची आहे. नीट वाजवलं की धुतली जाईल. ज्याला कान आहेत त्याला कळेल कोणतं खरं."

"मास्टरजी," बदलू म्हणाला, "दुधात माशी पडली तर माशी काढता येते. दूध पिता येत नाही."

त्यांनी ऐकलं नाही. आठ दिवस ते दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे वाजवत होते. मी बाहेर बसून ऐकायचो. तसं क्लॅरिनेट मी त्यांच्या हातून कधी ऐकलं नव्हतं. नदीच्या ओळीवर ते इतके हळू व्हायचे की वाटायचं पुढचा सूर येतो की नाही. मला वाटायला लागलं, बदलू चुकतोय. मला वाटायला लागलं, धुतली जाईल. तसव्वुरसुद्धा एकदा दारात येऊन उभा राहिला. ओळ संपेपर्यंत थांबला आणि गेला.

वरात जानेवारीतली. संध्याकाळपासूनच धुकं उतरलं होतं. नवरदेवाचं नाव होतं आशुतोष. दिसायला चांगला, बोलायला मऊ, आमच्याशीसुद्धा 'आप' करून बोलला. त्याचे मित्र मात्र तसे नव्हते. स्टेशनपासून बहेनजींच्या गल्लीपर्यंत नऊ वेळा 'तौल दे' झालं. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यात जोरात. गच्चीवर नवरीच्या मावसबहिणी फुलं टाकायला उभ्या होत्या. खालून सगळे तळवे वरखाली व्हायला लागले आणि एकेक करून त्या मुली मागे सरल्या. परातीतली फुलं कठड्यावर तशीच राहिली. बहेनजी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, हसऱ्या तोंडानं. ते हसू त्यांनी कसं धरून ठेवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. मास्टरजी नालीच्या काठाला होते.

विदाई सकाळी साडेआठला. आम्ही फक्त तिघं गेलो होतो, मास्टरजी, बदलू आणि मी. बदलूनं ढोल आणलाच नव्हता. मीही ट्रम्पेट पिशवीतच ठेवलं. धुक्यात फुलं लावलेली मोटार उभी होती. मोटारीला टेकून नवऱ्याचे चार-पाच मित्र चहा पीत होते, रात्रीचे डोळे, चुरगळलेले कोट. आशुतोष मागच्या सीटवर जाऊन बसला होता, खिडकी उघडी.

निवेदिता बाहेर आली. बायकांनी तिला मध्ये घेतलं. रिवाजाप्रमाणे तिनं डोक्यावरून मागे तांदूळ फेकले. बहेनजींनी ते ओंजळीत झेलले. मग बहेनजींनी मास्टरजींकडे पाहून मान हलवली.

त्यांनी सुरू केलं.

मी देवाला फारसं मानत नाही, पण त्या पहिल्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. बायकांचं बोलणं थांबलं. बहेनजींचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला आणि त्या रडायला लागल्या. एक म्हातारी आत्या होती, कानानं कमी, ती मास्टरजींच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि चिरक्या आवाजात शब्द म्हणायला लागली, दादा, वेशीपर्यंत चल. निवेदिता मोटारीत बसली. मास्टरजी मोटारीच्या बाजूला गेले, आपली आई चालायची तसे. डोळे मिटलेले.

दुसऱ्या ओळीला एका मित्रानं चहाचा पेला टपावर ठेवला. त्यानं कान दिला, शेजारच्याला कोपर मारलं. "अबे," तो म्हणाला, "हे तर तेच आहे!"

आणि त्यानं तळवे वर केले. हळू, कारण चाल हळू होती. एक वर, एक खाली. दुसरा हसला, त्यानंही केले. मग सगळ्यांनी. संथ लयीत, तोंड दाबून हसत, ओठांनी ते शब्द म्हणत. आवाज नव्हता, पण ओठ कळत होते. लय अजिबात चुकत नव्हती. मास्टरजींनी चाल जेवढी लांबवली तेवढे त्यांचे हात लांबत होते. रस्त्यात भरधाव गाण्यावर ते घाण दिसायचे, पण इथे त्या सुंदर सुरावर तेच हात त्याहून घाण दिसत होते.

हेही चाललं असतं. गाढवं ती, गेली असती. पण आशुतोषनं मित्रांकडे पाहिलं. तो ओशाळवाणं हसला. आणि मग मांडीवर ठेवलेले त्याचे दोन्ही हात उलटे झाले आणि वरखाली व्हायला लागले. फार नाही, बोटभर. मित्रांना दिसेल एवढेच. शेजारी त्याची बायको, शालूच्या पदराआड रडत होती.

मास्टरजींनी नेमके तेव्हा डोळे उघडले. खिडकीतून ते हात त्यांना समोर दिसले.

सूर तुटला. नदीच्या ओळीवर, अर्ध्यात. इतक्या अचानक, की निवेदितानं मान वर केली. आधी तिनं मास्टरजींकडे पाहिलं, मग बाहेर मित्रांकडे, मग शेजारी. आशुतोषचे हात थांबायला एक क्षण उशीर झाला होता.

"हात खाली घ्या," ती म्हणाली.

ओरडली नाही. तिच्या आईचा वर्गातला आवाज असेल तसा आवाज होता. आशुतोषनं हात गुडघ्यांवर ठेवले. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मित्रांपैकी एकानं घाईघाईनं टपावरचा पेला उचलला. ड्रायव्हरनं, काय झालं ते न कळताच, गाडी सुरू केली आणि मोटार धुक्यात निघून गेली. ती बहिरी आत्या तेवढी गात राहिली. क्लॅरिनेट थांबलंय हे तिला कळलंच नव्हतं.

बायका आत गेल्यावर बहेनजी आमच्याकडे आल्या. डोळे पुसलेले, ओंजळीतले तांदूळ पदरात बांधलेले.

"मुस्तकीम भाई, का थांबलात? आणि ती मुलं हसत का होती?"

मास्टरजींनी सांगितलं. सगळं. कॅसेटपासून. काही लपवलं नाही. ते सांगत होते तसतसा बहेनजींचा चेहरा बदलत गेला. आधी त्यांना समजेना. मग समजलं. त्यांनी ते गाणं मनात हळू करून पाहिलं असावं, कारण त्यांचे ओठ किंचित हलले आणि मग एकदम घट्ट मिटले.

"काल माझ्या दारात वाजलं ते... हेच होतं?"

"हो, बहेनजी."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी दुकानात आले तेव्हाही माहीत होतं. आणि तुम्ही हो म्हणालात."

"मला वाटलं, नीट वाजवलं तर धुतलं जाईल."

"तुम्हाला वाटलं!" त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या विदाईत धुवून बघायचं होतं तुम्हाला? मला सांगायचं होतं. मी म्हटलं असतं, काही वाजवू नका. माझ्याजवळ एक आठवण होती, तुमच्या अम्मांची. ती तरी चांगली राहिली असती." मग त्यांनी नाकाला पदर लावला, टेम्पो गेला होता तेव्हा लावला होता तसा. "जा तुम्ही. कृपा करून जा."

आम्ही गेलो. कुतुबखाना बाजाराच्या कोपऱ्यावर मास्टरजी थांबले, भिंतीला हात टेकला आणि वाकून ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी. बदलू त्यांची पाठ चोळत होता आणि स्वतः रडत होता.

"त्या पोरांची नाही रे शिसारी येत," मास्टरजी म्हणाले. "माझी येते. मला वाहवा हवी होती. अम्मांच्या नावावर मलाच माझं वाजवणं ऐकायचं होतं."

ते खरं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. आठ दिवस त्या मागच्या खोलीत मी जे ऐकलं त्यात मला तरी वाहवाची हाव ऐकू आली नव्हती. पण ते तसं म्हणाले, आणि शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिले.

तो हंगाम त्यांनी कसाबसा पुरा केला. मग बँड तसव्वुरकडे आला. मास्टरजी घरी बसून इतर बँडवाल्यांची क्लॅरिनेटं दुरुस्त करायला लागले, चाव्यांखालच्या गाद्या बदलायच्या, चाव्या बसवायच्या. वाजतंय का ते बघायला सप्तक वर न्यायचे आणि खाली आणायचे. त्यापलीकडे एक सूर नाही. बहेनजींनी पुढे आमच्याशी बोलणं ठेवलं नाही. निवेदिता श्रावणात माहेरी आली होती. रस्त्यात मला दिसली, तब्येत चांगली होती, सोबत आशुतोष पिशव्या घेऊन चालत होता. तिनं मला ओळखलं आणि मान हलवली. त्यानं ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं.

'तौल दे' पुढच्या दिवाळीपर्यंत मेलं. नवी कॅसेट आली, नवी घाण आली. दसऱ्यानंतरची ती दुपार तसव्वुरनं बंदच केली. टीव्हीवरच्या गाण्यांच्या क्रमवारीत जे वर असेल ते बसवायचं, ऐकून निकाल लावायला वेळ कुणाला?

तीन वर्षांनी मात्र एकदा तो एक कॅसेट घेऊन वडिलांकडे गेला. मला सोबत नेलं, एकट्याला धीर नव्हता. सिनेमा कुठला ते आता आठवत नाही. त्यात एक गाणं होतं, एका बाईच्या आवाजातलं, मागे जवळजवळ काहीच वाजत नव्हतं.

"अब्बा, एवढं एक ऐका," तसव्वुर म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं करू."

मास्टरजींच्या हातात कुणाचं तरी उघडलेलं क्लॅरिनेट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. गाणं ऐकलं. मग बोटानं खूण केली, पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, चाव्या दाबल्यासारखी. मी आणि तसव्वुर श्वास धरून बसलो होतो.

संपलं. त्यांनी डबा उघडून पान लावलं, तोंडात टाकलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "वाजवू नका."

आणि खाली ठेवलेलं क्लॅरिनेट परत उचललं.

आम्ही वाजवलं. तो सगळा हंगाम वाजवलं.